वाट कुणाला पुसावी?

अंजनगाव सुर्जी हे नाव बहुतेक वाचकांनी आयुष्यात एकदाच वाचलेले असते, आणि तेही शाळेत असताना, परीक्षेच्या आदल्या रात्री. सुर्जी-अंजनगावचा तह, ३० डिसेंबर १८०३! त्या वर्षी सप्टेंबरात असईची लढाई झाली, नोव्हेंबरात अडगावची झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दौलतराव शिंद्यांना इंग्रजांशी या गावी तह करावा लागला. गंगा-यमुनेचा दुआब गेला, भडोच गेले, अहमदनगरचा किल्ला गेला. सनावळी घोकणाऱ्या मुलाला हे सारे तोंडपाठ असते. पण हे गाव आहे तरी कुठे, असे विचारले तर तो खिडकीबाहेर पाहू लागतो.

हे गाव वऱ्हाडात आहे. अमरावती जिल्ह्यात, अकोटहून अचलपुराकडे जाणाऱ्या वाटेवर, शहानूर नदीच्या काठी. अंजनगाव आणि सुर्जी ही दोन नावे आता एका नगरपरिषदेखाली सुखाने नांदतात. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. दक्षिणेला दर्यापूरकडे जसजसे जावे तसतशी जमीन काळी आणि सपाट होत जाते, आणि पुढे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा लागतो. सुर्जीत देवनाथ महाराजांचा मठ आहे, एकनाथांच्या परंपरेतला. गावाभोवती पानमळे आहेत, केळीच्या बागा आहेत, आणि पानपिंपरी आहे. वैद्याच्या पुडीत जी पिंपळी येते तिचेच हे भावंड. तिचे वेल आधाराच्या झाडांवर चढवतात आणि पानमळ्यासारखेच लेकराच्या मायेने जपतात.

पूर्वी येथे यायला मूर्तिजापूरला मोठ्या गाडीतून उतरून छोट्या गाडीत बसावे लागे. ही छोटी गाडी म्हणजे वऱ्हाडची लाडकी शकुंतला. अडीच फुटी रुळांवरची ही मूर्तिजापूर-अचलपूर गाडी १९१३ साली सुरू झाली, ती वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी. किलिक निक्सन या कंपनीने ती बांधली. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन होते. ७६ किलोमीटरला ती सुमारे चार तास घेई. म्हणजे कसलेल्या सायकलस्वाराने पैज लावावी आणि ती जिंकावीही! आता ती धावत नाही. लोक एस.टी.ने येतात, जीपने येतात, आणि आसपासच्या खेड्यांतली पुष्कळशी माणसे अजूनही सायकलीने येतात. या शेवटच्या मंडळींबद्दलच मला चार शब्द सांगायचे आहेत.

माझी थोरली बहीण सुर्जीत दिलेली. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे दहा दिवस राहिलो. प्राध्यापक पाहुणा म्हणजे घरातल्यांना अंमळ अडचणच असते. तो एकतर वाचत बसतो किंवा बोलत बसतो. भाऊजींनी त्यावर उपाय म्हणून अडगळीतली आपली काळी सायकल काढली, तेल घातले आणि माझ्या हाती दिली. “जरा शिवार पाहून या,” असे म्हणाले. घरात फराळाचे चालले होते, तेव्हा हेतू माझ्या ध्यानात आला. पण मी त्यांचा आजही ऋणी आहे.

सायकलीवरून गाव वेगळे दिसते. मोटारीतून दुकानांच्या पाट्या दिसतात, चालताना माणसे दिसतात. सायकलीवरून रस्ता दिसतो. कुठे चढ आहे, कुठे खडी उखडली आहे, कुठे डांबराचा थर वर आणि साइडपट्टी वीतभर खाली आहे, हे सारे थेट मणक्याला कळते. समोरून केळीचा ट्रक आला की सायकलवाल्याला त्या वीतभर खाली उडी घ्यावी लागते, आणि ट्रक गेल्यावर पुन्हा वर चढायला जागाच सापडत नाही. मी दोन दिवसांत असा सहा वेळा उतरलो. माझ्यापुढे एक दूधवाला होता. दोन्ही बाजूंना कॅन बांधलेला तो बहाद्दर मात्र एकदाही उतरला नाही. ट्रकवालेच त्याला ओळखत होते!

तिसऱ्या दिवशी पंक्चर झाले. चौकातल्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक पेटी, एक पंप, पाण्याची एक घमेली आणि एक म्हातारबुवा. त्यांनी ट्यूब काढली, टायरमधून चिमट्याने काटा उपसला, डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, “सर, पांदनीतून आले वाटते.”

मी थक्क झालो. “तुम्ही कसे ओळखले?”

“बाभयीचा काटा म्हनजे पांदनीतून. लोखंडी तार म्हनजे गावातून. आन काच म्हनजे...” ते जरा थांबले, “काच म्हनजे नाल्यापासून. तिकडे सांजच्याला पिनारे बसतात ना.”

ट्यूबला ठिगळ लावता लावता त्यांनी मला पंधरा मिनिटांत तालुक्याच्या रस्त्यांचे असे वर्णन ऐकवले की ते ऐकून एखाद्या इंजिनियराने वही काढावी. कोणत्या रस्त्याने येणाऱ्याची रीम वाकते, कोणत्या गावच्या पोरींच्या सायकलीची चेन चिखलाने गंजते, कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेची गिऱ्हाइके एकदम बंद होतात, हे सारे त्यांना पाठ. “हे तुम्हाला कधी कोणी विचारले का हो?” असे मी विचारले. म्हातारबुवा हसले. “मले लोक हवा भराले पुसतात, सर.”

त्या वाक्याने मी पुढचे सगळे दिवस अस्वस्थ राहिलो.

येथे शहरातल्या वाचकांसाठी पांदण म्हणजे काय ते सांगायला हवे. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात. शेतांच्या मधून जाणारी, दोन्ही बाजूंना बाभळी-बोरींनी वेढलेली, बैलगाडीने कोरलेली ही वाट. गावच्या नकाशात ती रेघांच्या खुणेने दाखवलेली असते. एक तुटक रेघ असेल तर तो पायमार्ग, सव्वाआठ फुटांचा. दोन तुटक रेघा असतील तर गाडीमार्ग, साडेसोळा ते एकवीस फुटांचा. डांबरी रस्ता मोठमोठी गावे जोडत वळसा घेऊन जातो. पांदण मात्र शेतातून सरळ जाते. त्यामुळे डांबरीने जे गाव सात किलोमीटर आहे ते पांदणीने चारच भरते. पायी किंवा सायकलीने येणाऱ्याला हा फरक किती मोठा, हे ज्याचे त्याला ठाऊक!

पण कागदावरची साडेसोळा फुटी पांदण प्रत्यक्षात पाच फूटही उरत नाही. वऱ्हाडात बांधाला धुरा म्हणतात, आणि धुऱ्याचा स्वभाव सरकण्याचा. एक वृद्ध शेतकरी मला म्हणाले, “धुरा काही रात्री चालत नाही, गुरुजी. पन दर साली वखर एक बोट इकडे येते.” पन्नास वर्षांत बोटाबोटाने हात होतो आणि हाताहाताने वाट नाहीशी होते. त्यात आमची ही काळी माती. उन्हाळ्यात हिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात ती अशी फुगते, अशी चिकटते की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये तिचा लाडू होतो. मग चाक फिरत नाही. काडी घेऊन तो लाडू उकरायचा, दहा पावले जायचे, पुन्हा उकरायचा.

माझी भाची नववीत आहे. तिची एक मैत्रीण अशाच एका पांदणीने शेजारच्या खेड्यातून शाळेत येते. मी तिला पावसाळ्याचे विचारले. ती लाजली आणि म्हणाली, “पावसायात आमी सायकलवर नाई बसत, मामा. सायकलच आमच्या खांद्यावर बसते.” सगळे हसले. नंतर भाचीने मला हळूच सांगितले की त्या गावातून आठवीत सात मुली येत होत्या. आता चार येतात.

वाचकहो, या ‘सातांच्या चार’मध्येच या साऱ्या विषयाचे मर्म आहे. रस्ता ही केवळ सोयीची बाब असती तर मी दिवाळी अंकाची पाने त्यासाठी अडवली नसती. खेड्यातल्या मुलीचे शिक्षण पुष्कळदा हुशारीवर किंवा घरच्या इच्छेवरही अडत नाही. ते चार किलोमीटरांवर अडते. सरकारलाही हे उमगलेले आहे. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना, घर शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत असेल तर, सायकलीसाठी पैसे दिले जातात. बिहारने २००६ साली नववीतल्या मुलींसाठी अशी योजना काढली. पुढे कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. योग्य वयात माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुला-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली, असे त्यांना आढळले. आणि हा लाभ मुख्यतः कोणत्या गावांना झाला? ज्यांची शाळा तीन किलोमीटरांहून लांब होती, त्यांना.

त्याच्याही आधी, १९९१ च्या सुमारास, तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची मोहीम निघाली. शीला राणी चुंकत या तेथे जिल्हाधिकारी होत्या. हजारो बायका शिकल्या. बायकांच्या सायकली मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या आणि त्याच बऱ्या म्हटल्या. कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते! दांडी मुलासाठी आहे, हे सायकल बनवणाऱ्याला कधी सुचले होते? ते चालवणारीलाच सुचले.

तर सायकल देणारे आहेत. पण सायकल ज्या वाटेवर चालायची ती कोणी पाहायची? भाचीच्या मैत्रिणीच्या गावात मी तीन सायकली घरच्या भिंतीला टेकलेल्या पाहिल्या. एकीवर गवताचा भारा होता. एकीवर बाप बाजाराला जात होता. तिसरीच्या चाकात हवा नव्हती.

दिवाळीनंतर दोन दिवसांनी त्या गावात मारुतीच्या ओट्यावर मंडळी जमली. मुद्दाम बोलावलेली सभा नव्हती. भाऊजींचे तेथे शेत आहे. त्यांनी दोघा-तिघांशी पांदणीचा विषय काढला होता, आणि खेड्यात एका माणसाशी काढलेला विषय संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाचा होतो. ताईने रांगोळीचा डबा आणला होता. दिवाळीचा उरलेला, म्हणून पाच रंगांचा. ती म्हणाली, “बोलू नका, आधी काढा.”

मग ओट्यापुढच्या सारवलेल्या जागेवर गावकऱ्यांनी आपली वाट काढली. एकाने पांढऱ्याने डांबरी काढली, दुसऱ्याने हिरव्याने पांदण. नाल्याला निळा रंग. “नाला इतका सरळ कोठी हाय?” म्हणून एका म्हातारीने ती रेघ पायाने पुसली आणि वाकडी करून दाखवली. तिथला रपटा कोणत्या साली बांधला, कोणत्या पुरात अर्धा वाहून गेला, यावर दहा मिनिटे वाद झाला. कोणाची जमीन कुठवर, यावर वीस मिनिटे. पुरुष मंडळी तावातावाने बोलत होती, आणि सगळ्यांच्या बोलण्यात पांदण म्हणजे बैलगाडीची आणि ट्रॅक्टरची वाट. सायकलीचे नाव कोणी घेतले नाही.

तेव्हा ताईने लाल रंग त्या चार मुलींच्या हाती दिला आणि म्हणाली, “तुम्ही सायकलवरून कुठे कुठे उतरता, तिथे तिथे ठिपका द्या.”

पोरी आधी पुढे होईनात. मग एक झाली. तिने रपट्यावर ठिपका दिला. तो सगळ्यांना अपेक्षित होता. दुसरीने बाभळींच्या रांगेवर दिला आणि म्हणाली, यंत्राने बाभळी तोडल्या की काटे वाटेवरच राहतात, वाट रुंद होते पण पंक्चर वाढतात. हे ऐकून दोन शेतकरी एकमेकांकडे पाहू लागले, कारण ते यंत्र त्यांनीच आणले होते. तिसरीने एका वळणावर दिला. आश्विन-कार्तिकात तिथे तूर आणि कपाशी एवढी उंच होते की पलीकडून ट्रॅक्टर आला तरी दिसत नाही. चौथी ठिपका द्यायला नाल्याच्या अलीकडे, झाडाखाली गेली आणि काही बोललीच नाही. पण मला त्या म्हातारबुवांच्या चिमट्यातली काच आठवली. तिथे कोण बसते हे ओट्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते. ज्या तिघींची शाळा सुटली त्या याच ठिपक्याने सुटल्या, हे मात्र त्या दिवशी प्रथमच चारचौघांत निघाले. तेही सभेत नव्हे. नंतर बायका ताईभोवती बसल्या तेव्हा.

वाटेच्या नकाशात असला ठिपका कोणता इंजिनियर दाखवील? त्याच्या दुर्बिणीतून चढ दिसतो, उतार दिसतो, पाणी कुठून वाहते ते दिसते. भीती दिसत नाही. ती त्या वाटेने जाणाऱ्यालाच विचारावी लागते. आणि तेही चारचौघांत नव्हे, आपल्या माणसाने, शेजारी बसून.

आपल्याकडे लोकसहभाग हा शब्द फार स्वस्त झाला आहे. लोकसहभाग म्हणजे लोकांनी घमेली उचलायची, वर्गणी द्यायची, आणि उद्घाटनाला टाळ्या वाजवायच्या. श्रमदानाला सारे गाव बोलावतात. मसलतीला मात्र निवडक चौघे बसतात. वास्तविक वऱ्हाडची शिकवण अशी नाही. गाडगेबाबा याच अंजनगाव तालुक्यातले. शेंडगावला २३ फेब्रुवारी १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे. गावात आले की आधी रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तन करायचे. त्यांच्या नावाने राज्यात ग्रामस्वच्छता अभियानही चालले. पण त्या कीर्तनाची रीत आपण विसरतो. बाबा उपदेश कमी करीत, प्रश्नच अधिक विचारीत. एक प्रश्न टाकायचा, लोकांकडून उत्तर घ्यायचे, त्यातून दुसरा प्रश्न काढायचा; असे करता करता श्रोत्यांच्याच तोंडून सिद्धान्त वदवून घ्यायचा. हातातल्या खराट्याइतकेच त्यांचे हे पुसणे महत्त्वाचे. आपण खराटा घेतला आणि पुसणे मात्र सोडून दिले.

इकडून एकदम युरोपात जातो, त्याबद्दल वाचकांनी रागावू नये. हॉलंड म्हणजे सायकलींचा देश, असे आपण ऐकतो आणि समजतो की तेथल्या लोकांच्या रक्तातच सायकल असावी. तसे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेही मोटारींचा सुळसुळाट झाला, रस्ते मोटारींसाठी रुंद झाले. १९७१ या एका वर्षात त्या चिमुकल्या देशात तीन हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. ‘मुलांचे खून थांबवा’ या नावाची चळवळच उभी राहिली. डेल्फ्ट शहरात तर रहिवाशांनी आपल्या गल्लीतली फरसबंदी स्वतःच उखडून अशी मांडली की मोटारीला हळूच जावे लागावे. आणि पुढे सरकारने तीच रीत कायद्यात घेतली. आज ज्या सायकल-वाटांचे फोटो आपण कौतुकाने पाहतो त्यांचा उगम एखाद्या मंत्र्याच्या कचेरीत झालेला नाही. तो गल्लीतल्या आईबापांच्या संतापात झाला.

आपल्याकडेही उदाहरणे अगदीच नाहीत असे नाही. सायकलींचे शहर म्हणून पुणे एके काळी गाजले, मग ते स्कूटरींचे झाले. पुढे तेथे सायकलींसाठी वेगळे पट्टे आखले गेले. पण त्यांपैकी कित्येक पट्टे मध्येच संपत, कुठे झाड आडवे येई, कुठे विजेचा खांब, कुठे भजीची गाडी. कागदावर पट्टा अखंड होता. तो तुटला कुठे हे रोज जाणाऱ्यालाच दिसत होते. २०१७ च्या डिसेंबरात पुणे महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, तेव्हा तो करताना नागरिकांच्या सूचनाही घेतल्या होत्या. २०२० मध्ये केंद्र सरकारने शहरांसाठी सायकलींची स्पर्धा लावली. सायकलस्वाराबरोबर स्वतः सायकलीने जाऊन वाटेतल्या अडचणी टिपायच्या, असा पाहणीचा एक प्रकार त्या निमित्ताने पुढे आला. २०२१ साली निवडलेल्या ११ शहरांत आपल्या राज्यातली पिंपरी-चिंचवड आणि नागपूर ही दोन होती. आमच्या ताईचा लाल ठिपका आणि ही पाहणी यांत तत्त्वाचा भेद काहीच नाही. एकीला दिल्लीहून शिक्का मिळतो, दुसरीला रांगोळीचा डबा पुरतो.

आता त्या ओट्यावर पुढे काय झाले ते सांगतो.

रांगोळी पुसण्याआधी एका शिकलेल्या तरुणाने फोनवर तिचा फोटो घेतला आणि वहीत तीन याद्या केल्या. पहिली, पैसा न लागणाऱ्या कामांची. काटे झाडून बाजूला करणे, वळणावरच्या दोन-दोन तासांत उंच पीक न घेता मूग किंवा हरभरा घेणे, आणि शाळेला विनंती करणे की मार्गशीर्ष-पौषात या गावच्या मुलींना अर्धा तास आधी सोडावे, म्हणजे त्या उजेडात आणि एकत्र घरी पोचतील. वाट न खणताही सुधारते, हे मला त्या यादीने शिकवले. दुसरी यादी मनाच्या तयारीची, म्हणजे धुरे मागे घेण्याची. तिसरी सरकारदरबारची, म्हणजे रपटा, खडी आणि मुरूम.

दुसऱ्या यादीवर सभा अडली. दोघांनी धुरा मागे घ्यायचे कबूल केले. तिसरा उठून उभा राहिला आणि म्हणाला, “पांदन रुंद झाली की पोरींच्या सायकली नंतर येतीन, रेतीचे ट्रॅक्टर आधी येतीन. मंग माह्या शेतात धूळ कोन खाईन?” कोणी त्याला आप्पलपोटा म्हणाले. मला तसे वाटले नाही. त्याची भीती खरी होती. रुंद वाटेने नको ते आधी येते, हा आपला शहरातलाही अनुभव आहे. त्याच्याशी भांडून काही निघाले नसते. कायदा आहे, १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदार वाटेतला अडथळा दूर करवू शकतो, आणि जमीन महसूल संहितेतही बांधावरून वाट मिळवण्याची तरतूद आहे. पण तहसीलदाराच्या हुकुमाने उघडलेली पांदण पुढच्या वखरणीला पुन्हा अरुंद होते. शेजाऱ्याच्या संमतीने उघडलेली टिकते. म्हणून गावाने त्याचा धुरा तसाच ठेवला, आणि त्याच्या शेताजवळ वाट अरुंदच राहील असे ठरले. बैलगाडी आणि सायकल जाईल एवढी, रेतीचा ट्रॅक्टर अडेल एवढी. म्हणजे त्याच्या हट्टाचेच गेट झाले! मुलींना ते सर्वांत पसंत पडले.

तिसरी यादी ग्रामसभेपुढे न्यायची होती. राज्यात शेतरस्त्यांसाठी २०१८ मध्ये एक योजना निघाली, २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाने दुसरी निघाली. पैसा कोठून यावा याच्या वाटा आहेत. पण येथे एक गंमत माझ्या ध्यानात आली. ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारांची सभा. ज्या चार मुली या वाटेने वर्षाकाठी सर्वांत अधिक वेळा जातात, त्या मतदार नाहीत. ग्रामसभेपूर्वी बायकांची सभा घ्यावी असा कायदा आहे, आणि तो चांगला आहे. पण नववीतली पोरगी त्यातही बसत नाही. मग तिचे म्हणणे तेथे कोण मांडणार? ताई सुर्जीची, तिला त्या गावात मत नाही. शेवटी नाला वाकडा करणारी ती म्हातारी म्हणाली, “मी बोलीन. माहं काय, मले कोन काय म्हनन?” आणि नाल्याजवळच्या त्या बैठकीचाही बंदोबस्त तिनेच आपल्याकडे घेतला. तो तिने कसा केला हे मला कोणी सांगितले नाही. पण त्या बसणाऱ्यांत तिचा एक नातू होता, एवढे मला कळले.

मी सुट्टी संपवून परत आलो. त्यानंतरच्या बातम्या भाचीच्या फोनवरून येत गेल्या. काटे झाडले गेले. त्याचा फोटो आला. शाळेने अर्ध्या तासाचे मान्य केले. पहिल्या दोघांचे धुरे उन्हाळ्यात मागे गेले, आणि तेवढ्या भागावर लोकांनी वर्गणी काढून मुरूम टाकला. रपटा अजून तसाच आहे. त्याचा अर्ज कचेरीत आहे. यंदाच्या पावसाळ्यात मुलींना सायकल खांद्यावर घ्यावी लागली, पण ती फक्त शेवटचे अर्धा किलोमीटर. आधी ती तीन किलोमीटर घ्यावी लागे. आणि जूनमध्ये चारांच्या पाच झाल्या. शाळा सुटलेल्या तिघींपैकी एक परत आली. उरलेल्या दोघींपैकी एकीचे लग्न ठरले आहे.

हा हिशेब मोठा नाही, हे मी जाणतो. पण कोणत्याही आराखड्यात तो इतका सरळ मांडलेला मी पाहिलेला नाही. मुरूम किती ब्रास पडला हे कागदावर येते. वाटेने किती जणी परत आल्या याचा रकाना नसतो.

हा अंक आपल्या हाती असेल तेव्हा दारात आकाशकंदील असेल, आणि मुलांना सुट्टी असेल. आपल्या सोसायटीच्या फाटकापासून शाळेच्या फाटकापर्यंतची वाट आपण मोटारीतून, स्कूटरवरून शेकडो वेळा पाहिलेली आहे. आपल्या घरातल्या सातवी-आठवीच्या मुलाला किंवा मुलीला एकदा कागद आणि लाल पेन्सिल द्या. सायकलीने शाळेत जायचे झाले तर तू कुठे कुठे उतरशील, असे विचारा. ती ठिपके देत असताना मध्ये बोलू नका. आणि एखाद्या ठिपक्यावर ती गप्प राहिली, तर घाई न करता तिच्या शेजारी जरा बसून राहा.